लघुग्रह वेस्टा

१८४३ सालची गोष्ट. खानदेशातील मानेगाव या गावी आकाशातून एक दगड पडला. पाऊस पडतो, गारा पडतात, क्वचित वीजही कोसळते. पण आकाशातून दगड पडावा ही गोष्ट कोणालाही तोंडात बोट घालायला लावणारी होती. दगड काही मोठा नव्हता. त्याचे जे तुकडे पुढे जपून ठेवण्यात आले, ते सारे मिळूनही एका मुठीत मावतील एवढेच. परंतु या मूठभर दगडाने एक मोठा प्रश्न उभा केला. हा दगड आला कोठून? तो कोणत्या डोंगराचा, कोणत्या खाणीचा? या प्रश्नाचे उत्तर मिळण्यास सव्वाशेहून अधिक वर्षे लागली. आणि ते मिळाले तेव्हा असे दिसून आले की, हा दगड पृथ्वीवरील कोणत्याही डोंगराचा नव्हता.

आकाशातून पडणाऱ्या दगडांना अशनी असे म्हणतात. अठराव्या शतकाच्या अखेरीपर्यंत अनेक विद्वानांचा अशनींवर विश्वासच नव्हता. शेतकरी, गुराखी असे दगड पडल्याचे सांगत. पण ती केवळ भोळी समजूत आहे, असे म्हणून विद्वान ते हसण्यावारी नेत. १७९४ साली क्लाड्नी या जर्मन शास्त्रज्ञांनी असे दगड खरोखरच अवकाशातून येतात, असे प्रतिपादन केले. त्यांचे म्हणणे प्रथम फारसे कोणी मानले नाही. पुढे १८०३ साली फ्रान्समधील लेगल या गावाच्या परिसरात हजारो दगडांचा जणू वर्षाव झाला. बिओ नावाच्या तरुण शास्त्रज्ञांनी तेथे जाऊन कसून चौकशी केली, लोकांच्या साक्षी घेतल्या, दगड गोळा केले. तेव्हापासून अशनींविषयीची शंका उरली नाही. शेतकऱ्यांचे म्हणणेच खरे ठरले. मात्र हे दगड अवकाशात तयार कोठे होतात, हे कोडे तसेच राहिले.

ते कोडे कसे उलगडले हे समजण्यासाठी मंगळ आणि गुरू या दोन ग्रहांमधील विस्तीर्ण पोकळीकडे वळले पाहिजे. सूर्यापासून ग्रहांची अंतरे मोजली, तर त्यांत एक प्रकारचा क्रम दिसतो. सूर्यापासून पृथ्वीचे अंतर १० मानले, तर बुधाचे सुमारे ४, शुक्राचे ७, मंगळाचे १५ आणि गुरूचे ५२ भरते. मंगळापर्यंत एकामागून एक पायऱ्या चढत जावे आणि पुढे एक पायरी निखळलेली आढळावी, तसे येथे वाटते. या जागी, म्हणजे २८ च्या सुमारास, एखादा ग्रह असलाच पाहिजे, असे अठराव्या शतकातील पुष्कळ ज्योतिषशास्त्रज्ञांना वाटू लागले. १७८१ साली युरेनस या नव्या ग्रहाचा शोध लागला आणि त्याचे अंतर याच क्रमात जवळजवळ बरोबर बसले. तेव्हा तर हरवलेल्या ग्रहाच्या शोधाला अधिकच जोर आला.

१ जानेवारी १८०१ च्या रात्री इटलीच्या दक्षिणेस सिसिली बेटावरील पालेर्मो येथे पियात्सी हे ज्योतिषशास्त्रज्ञ ताऱ्यांची नोंद करीत होते. त्यांना एक अंधूक तारा दिसला. दुसऱ्या रात्री पाहतात तो त्याने आपली जागा किंचित बदललेली! तारे एकमेकांच्या संदर्भात अशी जागा बदलीत नाहीत, ग्रह बदलतात. पियात्सींनी त्याला सेरेस असे नाव दिले. परंतु काही आठवड्यांतच पियात्सी आजारी पडले आणि सेरेसही सूर्याच्या तेजात दिसेनासा झाला. नुकताच सापडलेला ग्रह पुन्हा हरवला. त्या वेळी गाऊस या अवघ्या चोवीस वर्षांच्या जर्मन गणितज्ञांनी पियात्सींच्या मोजक्या नोंदींवरून सेरेसचा मार्ग गणिताने काढला आणि तो आकाशात कोठे दिसेल हे सांगितले. वर्षअखेरीस शोध करणाऱ्यांना तो नेमका त्याच सुमारास सापडला.

ज्यांनी सेरेसला पुन्हा शोधून काढले, त्यांत ब्रेमेन शहरातील ओल्बर्स हे एक होते. ओल्बर्स हे व्यवसायाने वैद्य. दिवसभर ते रोग्यांची सेवा करीत आणि रात्री आपल्या घराच्या वरच्या मजल्यावर दुर्बीण लावून आकाश पाहत बसत. २८ मार्च १८०२ रोजी त्यांना सेरेससारखाच आणखी एक लहानसा ग्रह सापडला. त्याला पालास असे नाव मिळाले. १८०४ साली हार्डिंग यांनी जूनो हा तिसरा शोधला. शोधावयाचा होता एक ग्रह, आणि सापडले तीन. तेही अगदी चिमुकले! ओल्बर्स यांनी यावरून एक तर्क बांधला. या जागी पूर्वी एक मोठा ग्रह असावा, काही कारणाने तो फुटला असावा आणि हे तिन्ही त्याचेच तुकडे असावेत, असे त्यांना वाटले. तसे असेल तर आणखी तुकडे सापडलेच पाहिजेत, म्हणून ते वर्षानुवर्षे डोळ्यांत तेल घालून शोध घेत राहिले.

२९ मार्च १८०७ रोजी त्यांच्या श्रमांना फळ आले. कन्या राशीत त्यांना चौथा ग्रह दिसला आणि तो आधीच्या तिघांहूनही अधिक तेजस्वी होता. त्याला नाव देण्याचा मान ओल्बर्स यांनी आपले मित्र गाऊस यांना दिला. गाऊस यांनी त्याचे नाव वेस्टा असे ठेवले. वेस्टा ही प्राचीन रोमन लोकांची घरच्या चुलीची व पवित्र अग्नीची देवता होय. रोममधील तिच्या मंदिरात अग्नी अखंड तेवत ठेवीत असत. आपण ठेवलेल्या या नावाच्या ग्रहावरही एके काळी खराखुरा अग्निरस वाहत होता, याची गाऊस यांना कल्पनाही नव्हती.

वेस्टानंतरचा पाचवा लघुग्रह सापडण्यास अडतीस वर्षे लागली. पुढे मात्र चांगल्या दुर्बिणी आणि छायाचित्रणाची कला यांमुळे लघुग्रहांची संख्या झपाट्याने वाढत गेली. आज दहा लाखांहून अधिक लघुग्रहांची नोंद झालेली असून त्यांतील बहुसंख्य मंगळ आणि गुरू यांच्या कक्षांमधील पट्ट्यात फिरत आहेत. या पट्ट्याला लघुग्रहांचा मुख्य पट्टा असे म्हणतात. एवढी मोठी संख्या ऐकून तेथे दगडांची दाटी झाली असेल, असे वाटण्याचा संभव आहे; पण प्रत्यक्षात ती जागा इतकी अफाट आहे की, अंतराळयाने तेथून निर्वेध पार होतात. शिवाय हे सारे लघुग्रह एकत्र केले, तरी त्यांचे वस्तुमान चंद्राच्या वस्तुमानाच्या तीन-चार टक्क्यांहून अधिक भरणार नाही. त्यामुळे ओल्बर्स यांचा फुटलेल्या ग्रहाचा तर्क आता मागे पडला आहे. तेथे मोठा ग्रह फुटला नाही. तेथे मोठा ग्रह कधी तयारच होऊ शकला नाही. शेजारच्या बलाढ्य गुरूच्या आकर्षणाने तेथील द्रव्य सतत ढवळले गेले आणि लहान लहान गोळे एकत्र येऊन त्यांचा ग्रह बनण्याऐवजी ते एकमेकांवर आदळत राहिले.

या पट्ट्यात वस्तुमानाने सेरेसच्या खालोखाल वेस्टाचा क्रम लागतो. सेरेसची गणना २००६ सालापासून बटुग्रहांतही होऊ लागली आहे. वेस्टाची कक्षा मुख्य पट्ट्याच्या आतल्या भागात आहे. सूर्यापासून पृथ्वी सुमारे १५ कोटी किलोमीटर दूर आहे, तर वेस्टाचे सरासरी अंतर सुमारे ३५ कोटी किलोमीटर आहे. ही कक्षा अगदी वर्तुळाकार नसून किंचित लांबट आहे. त्यामुळे वेस्टा कधी सूर्यापासून ३२ कोटी किलोमीटरवर येतो, तर कधी ३८ कोटी किलोमीटरहून अधिक दूर जातो. पृथ्वीच्या कक्षेची पातळी एखाद्या सपाट पाटासारखी मानली, तर वेस्टाची कक्षा तिच्याशी सुमारे ७ अंशांचा कोन करते. एक प्रदक्षिणा पूर्ण करण्यास वेस्टाला ३.६३ वर्षे, म्हणजे सुमारे १,३२५ दिवस लागतात.

अंतर आणि काळ या दोन आकड्यांत एक सुंदर मेळ आहे. पृथ्वीचे सूर्यापासूनचे अंतर १ मानले, तर वेस्टाचे अंतर २.३६ भरते. या संख्येचा घन केला की सुमारे १३ येतात, आणि ३.६३ या वर्षांच्या संख्येचा वर्ग केला, तरीही सुमारे १३ च येतात. अंतराचा घन आणि प्रदक्षिणाकाळाचा वर्ग यांचे हे नाते सतराव्या शतकात केप्लर यांनी शोधून काढले. विशाल गुरू असो की चिमुकला वेस्टा, सूर्याभोवती फिरणाऱ्या प्रत्येकाला हा नियम पाळावा लागतो.

सुमारे साडेसोळा महिन्यांनी एकदा पृथ्वी ही सूर्य आणि वेस्टा यांच्या मधोमध येते. त्या वेळी वेस्टा पृथ्वीला जवळ असतो. अशा काही प्रसंगी तो इतका तेजस्वी होतो की, रात्र अंधारी, आकाश स्वच्छ आणि दृष्टी तीक्ष्ण असेल, तर तो दुर्बिणीवाचूनही अंधूक ठिपक्यासारखा दिसू शकतो. मुख्य पट्ट्यातील इतर कोणत्याही लघुग्रहाला हे सहसा साधत नाही. सेरेस वेस्टाहून कितीतरी मोठा आहे. पण त्याचा पृष्ठभाग काळपट आहे. वेस्टा मात्र आपल्यावर पडलेल्या प्रकाशापैकी सुमारे चाळीस टक्के प्रकाश परत फेकतो.

वेस्टाचा सरासरी व्यास सुमारे ५२५ किलोमीटर आहे. त्याच्या सगळ्या पृष्ठभागाचे क्षेत्रफळ महाराष्ट्राच्या क्षेत्रफळाच्या तिपटीहून थोडे कमीच भरेल. त्याचा आकार चेंडूसारखा गोल नाही. वरून व खालून दाबलेल्या लाडूसारखा तो दिसतो. एका बाजूने त्याची लांबी सुमारे ५७३ किलोमीटर, तर ध्रुवापासून ध्रुवापर्यंतची उंची केवळ ४४६ किलोमीटर आहे. त्याचे गुरुत्वाकर्षण पृथ्वीच्या सुमारे चाळिसाव्या हिश्शाएवढे आहे. येथे ज्या मुलाचे वजन चाळीस किलो भरते, तो तेथे स्प्रिंगच्या काट्यावर उभा राहिला, तर काटा एक किलोच दाखवील.

वेस्टाचा दिवस फार लहान असतो. स्वतःभोवती एक फेरी करण्यास त्याला ५ तास २० मिनिटेच लागतात. शाळेची घंटा होऊन मुले घरी परतेपर्यंत तेथे एक सूर्योदय, एक सूर्यास्त आणि एक संपूर्ण रात्र होऊन जाते. वेस्टाच्या एका वर्षात असे जवळजवळ सहा हजार दिवस बसतात. त्याचा अक्ष पृथ्वीच्या अक्षापेक्षाही थोडा अधिक, सुमारे २९ अंश, कललेला आहे. त्यामुळे तेथेही ऋतू होतात. पण त्या ऋतूंत ना पाऊस, ना मोहोर. हवा नाही आणि वाहते पाणीही नाही. सूर्य डोक्यावर असतानाही तेथील तापमान शून्याखाली सुमारे वीस अंश असते, तर हिवाळ्यातील ध्रुवावर ते शून्याखाली १९० अंशांपर्यंत उतरते.

आता मानेगावच्या दगडाकडे वळावयास हरकत नाही. पदार्थावर पडून परत फिरणाऱ्या प्रकाशाचा वर्णपट घेतला, तर तो पदार्थ कोणत्या खनिजांचा बनला आहे हे पुष्कळसे कळते. कारण प्रत्येक खनिज प्रकाशातील काही रंग आपल्या पद्धतीने गिळून टाकते. सोनाराला कस पाहून सोने ओळखता येते, तसेच हे आहे. १९७० साली टॉमस मॅककॉर्ड आणि त्यांचे सहकारी यांनी वेस्टाच्या प्रकाशाचा वर्णपट तपासला. तो एका विशिष्ट जातीच्या अशनींच्या वर्णपटाशी चांगलाच जुळला. मानेगावचा दगड त्याच अशनींच्या घराण्यातला होता.

परंतु शास्त्रज्ञ केवळ सारखेपणावर संतुष्ट होत नाहीत. दोन माणसांचे चेहरे सारखे असले, म्हणून ती एकाच घरातील ठरत नाहीत. वेस्टाचे तुकडे पृथ्वीवर यावेत कसे, ही शंका कित्येकांनी काढली. मुख्य पट्ट्यात अशी एक जागा आहे की, तेथील दगड सूर्याभोवती तीन फेऱ्या करतो तेवढ्या काळात गुरूची बरोबर एक फेरी होते. त्यामुळे गुरूची ओढ त्या दगडाला पुन्हा पुन्हा त्याच तालावर बसते. झोपाळ्याला योग्य वेळी हलकासा झोका देत राहिले की तो उंच उंच जातो. त्याचप्रमाणे त्या दगडाची कक्षा अधिकाधिक लांबट होत जाते आणि अखेर ती पृथ्वीच्या कक्षेपर्यंत येऊन पोहोचते. अशनींना पृथ्वीकडे येण्याची ही जणू खिंडच आहे. पण ही खिंड वेस्टापासून बरीच दूर आहे. वेस्टावरून उडालेले तुकडे तेथपर्यंत पोहोचतात, याला पुरावा काय?

हा पुरावा १९९३ साली मिळाला. रिचर्ड बिन्झेल आणि शुई शू या शास्त्रज्ञांनी वेस्टाच्या परिसरातील लहान लहान लघुग्रहांचे वर्णपट घेतले. त्यांपैकी वीस लघुग्रह वेस्टाच्याच द्रव्याचे असल्याचे त्यांना आढळले. हे लघुग्रह वेस्टाच्या कक्षेपासून थेट त्या खिंडीपर्यंत ओळीने पसरलेले होते. फाटक्या पोत्यातून सांडलेल्या दाण्यांवरून गाडी कोणत्या वाटेने गेली हे कळावे, तसेच हे झाले. पुढे १९९७ साली हबल या अवकाशातील दुर्बिणीने घेतलेल्या छायाचित्रांवरून वेस्टाच्या दक्षिण ध्रुवावर एक प्रचंड विवर असल्याचे जाहीर झाले. तुकडे कोठून उडाले असतील, हेही आता दिसू लागले.

तरीही प्रत्यक्ष जाऊन पाहणे बाकी होते. २७ सप्टेंबर २००७ रोजी अमेरिकेच्या नासा या संस्थेने डॉन नावाचे अंतराळयान सोडले. डॉन म्हणजे पहाट. या यानाचे इंजिन निराळेच होते. सूर्यप्रकाशापासून मिळणाऱ्या विजेच्या साह्याने ते झेनॉन वायूचे विद्युत्‌भारित कण मागे फेकीत असे. त्याचा रेटा किती? तळहातावर ठेवलेल्या कागदाच्या एका तावाचा भार जेवढा, जवळजवळ तेवढाच! पण हा हलका रेटा महिनोन्‌महिने चालू राहिला आणि त्यातूनच यानाला प्रचंड वेग मिळत गेला. जवळजवळ चार वर्षांच्या प्रवासानंतर जुलै २०११ मध्ये डॉन वेस्टाभोवती फिरू लागले. मुख्य पट्ट्यातील लघुग्रहाभोवती प्रदक्षिणा घालणारे ते पहिलेच यान होय. सप्टेंबर २०१२ पर्यंत ते तेथे राहिले. काही काळ तर वेस्टाच्या पृष्ठभागापासून केवळ सुमारे २१० किलोमीटर उंचीवरून त्याने निरीक्षण केले. पुढे मार्च २०१५ मध्ये ते सेरेसपाशी पोहोचले आणि २०१८ साली इंधन संपल्यामुळे त्याचे कार्य थांबले.

डॉनने दाखविलेले दक्षिण ध्रुवावरील विवर पाहून शास्त्रज्ञही थक्क झाले. या विवराला रेआसिल्व्हिया असे नाव देण्यात आले आहे. रेआसिल्व्हिया ही रोमन पुराणकथेतील वेस्टा देवीची सेविका होय. विवराचा व्यास सुमारे ५०० किलोमीटर, म्हणजे वेस्टाच्या व्यासाहून थोडाच कमी आहे. त्याच्या मध्यभागी एक पर्वत उभा आहे. पायथ्यापासून त्याची उंची वीस किलोमीटरांहून अधिक, म्हणजे एव्हरेस्टच्या दुपटीहूनही जास्त आहे. सुमारे शंभर कोटी वर्षांपूर्वी एक मोठा लघुग्रह येथे येऊन आदळला आणि त्या एका आघाताने वेस्टाचा शंभरावा हिस्सा अवकाशात उधळला गेला, असे शास्त्रज्ञ मानतात. त्याच जागी त्याहून जुने असे सुमारे ४०० किलोमीटर व्यासाचे आणखी एक विवर आहे. या आघातांनी सारा वेस्टा हादरला. त्याच्या विषुववृत्ताच्या परिसरात शेकडो किलोमीटर लांबीच्या खोल चऱ्या पडल्या. वेस्टा फुटला नाही, एवढेच.

एवढे आघात सोसूनही जे शिल्लक राहिले, ते फार मोलाचे आहे. सुमारे ४५६ कोटी वर्षांपूर्वी सूर्यमाला तयार होत असताना वेस्टाही तयार झाला. त्या काळच्या द्रव्यात अल्युमिनिअमचा एक किरणोत्सारी प्रकार होता. त्याच्या उष्णतेने वेस्टा आतून वितळला. लोखंडासारखे जड धातू आत उतरू लागले आणि हलका शिलारस वर येऊन पृष्ठभागावर पसरला व थिजला. पृथ्वीही आपल्या बाल्यावस्थेत अशाच स्थितीतून गेली. पण पृथ्वीवर ऊन, वारा, पाणी आणि भूकंप यांनी त्या काळच्या खुणा पुसून टाकल्या. लहान असलेला वेस्टा लवकर थंड झाला आणि त्याने त्या खुणा जपून ठेवल्या. मात्र त्याच्या अंतर्भागाविषयीचा विचार अजून संपलेला नाही. त्याच्या पोटात सुमारे २२० किलोमीटर व्यासाचा लोखंडी गाभा असावा, असे पूर्वी अनुमान करण्यात आले होते. परंतु २०२५ साली डॉनच्या जुन्या मोजमापांचा पुन्हा अभ्यास झाला, तेव्हा गाभा एवढा मोठा नसावा, असे मत पुढे आले. नवी मोजमापे मिळाली की जुने मत तपासून पाहावयाचे, ही शास्त्राची रीतच आहे.

वेस्टाच्या घराण्यातील अशनींच्या तीन जाती आहेत. पहिली युक्राइट. ही वेस्टाच्या पृष्ठभागावर थिजलेल्या शिलारसाची होय. सह्याद्रीचा काळा पाषाण ज्या बेसाल्ट जातीचा, त्याच जातीचा हा दगड आहे. परंतु सह्याद्रीचा पाषाण सुमारे साडेसहा कोटी वर्षांचा, तर हा सुमारे ४५० कोटी वर्षांचा. दुसरी जात डायोजेनाइट. हा दगड पृष्ठभागाच्या खाली खोलवर हळूहळू थंड झाला. म्हणून त्यातील खनिजांचे स्फटिक ठसठशीत असतात. तिसरी जात हॉवर्डाइट. आघातांनी पहिल्या दोन्ही जातींचा चुरा झाला आणि तो पुन्हा घट्ट बसला, तेव्हा ही तयार झाली. डॉनवरील उपकरणांनी वेस्टाच्या पृष्ठभागाची जी तपासणी केली, तीतही हीच द्रव्ये आढळली. लोकांनी पडताना पाहिलेल्या अशनींपैकी सुमारे सहा टक्के अशनी या घराण्यातील असतात.

मानेगावचा दगड हा डायोजेनाइट आहे. म्हणजे तो वेस्टाच्या पृष्ठभागावरचाही नाही. तो आतल्या थरातला. तेथे तो कोट्यवधी वर्षे अंधारात पडून होता. मग एका भयंकर आघाताने वरचे कवच फुटले, खोलवरचे खडक उसळून अवकाशात फेकले गेले आणि त्यांतील काही दगड गुरूच्या ओढीने हळूहळू सूर्याच्या दिशेने वळले. असंख्य दगड अजून तसेच फिरत आहेत. कित्येक सूर्यात पडले असतील. एक मात्र पृथ्वीच्या वाटेत आला, तिच्या वातावरणात शिरताना तापून पेटला आणि खानदेशाच्या मातीत येऊन विसावला.

ज्या साली हा दगड पडला, त्या साली वेस्टाचा शोध लागून छत्तीस वर्षे झाली होती. वेस्टाचा शोध लावणारे वैद्य ओल्बर्स तीनच वर्षांपूर्वी, १८४० साली, निवर्तले होते. ज्या प्रकाशाच्या ठिपक्यासाठी त्यांनी किती रात्री जागून काढल्या, त्याचाच एक तुकडा हातात घेऊन पाहता येईल, हे त्यांना कळले असते तर केवढा आनंद झाला असता! आज मानेगावच्या दगडाचे कण संग्रहालयांत जपून ठेवलेले आहेत. आणि ज्याच्या पोटातून ते आले, तो वेस्टा दर ३.६३ वर्षांनी आपली एकेक प्रदक्षिणा पूर्ण करीत आहे.

शब्दार्थ

अशनी – आकाशातून पृथ्वीवर येऊन पडलेला दगड. कक्षा – ग्रहाचा सूर्याभोवती फिरण्याचा मार्ग. वर्णपट – प्रकाश विभागला असता दिसणारा रंगांचा पट्टा. विवर – आघाताने पडलेला खळगा. शिलारस – वितळलेला खडक. निर्वेध – अडथळ्यावाचून. निवर्तणे – मरण पावणे.

स्वाध्याय

१. मंगळ आणि गुरू यांच्यामध्ये एखादा ग्रह असावा, असे शास्त्रज्ञांना का वाटले?

२. ओल्बर्स यांचा तर्क कोणता होता? तो आज का मानला जात नाही?

३. सेरेस मोठा असूनही वेस्टा अधिक तेजस्वी का दिसतो?

४. मानेगावचा दगड वेस्टाच्या घराण्यातील आहे, हे ठरविण्यास कोणकोणते पुरावे उपयोगी पडले? ते क्रमाने लिहा.

५. वेस्टाचा दिवस आणि वर्ष यांची पृथ्वीच्या दिवसाशी व वर्षाशी तुलना करा.

६. पाठात (अ) झोपाळा, (आ) फाटके पोते, (इ) सोनार यांचे दाखले कोणत्या गोष्टी समजावून देण्यासाठी दिले आहेत?

७. पुढील वाक्प्रचारांचा अर्थ सांगून वाक्यांत उपयोग करा : तोंडात बोट घालणे; हसण्यावारी नेणे; डोळ्यांत तेल घालून पाहणे; श्रमांना फळ येणे.

८. आपण मानेगावचा दगड आहोत अशी कल्पना करून, आपल्या प्रवासाची हकिकत पंधरा ओळींत लिहा.